शत्रूच्या हाती लागलेले पत्र

नेपोलियन बोनापार्टच्या चरित्रात लढायांची एवढी गर्दी आहे, की त्यात एका बंद दाराला जागा मिळणे कठीणच. तरीही ऑक्टोबर १७९९ मध्ये पॅरिसमधील त्याच्या घरात लागलेले ते दार चरित्रकारांना आजवर सोडवलेले नाही. दाराच्या आत इजिप्तहून परतलेला तीस वर्षांचा सेनापती आणि बाहेर क्षमेची याचना करणारी त्याची पत्नी जोसेफिन. रिडली स्कॉट यांच्या २०२३ मधील चित्रपटात पत्नीच्या व्यभिचाराची वार्ता कानी येताच नेपोलियन इजिप्त सोडून निघतो. पडद्यावर ते शोभून दिसते. प्रत्यक्षात ती वार्ता आणि परतीचा प्रवास यांच्यामध्ये तब्बल तेरा महिने होते, आणि या प्रीतीचे पारडे फिरले ते त्याच तेरा महिन्यांत.

दोघांचा विवाह ९ मार्च १७९६ रोजी नोंदणी पद्धतीने झाला. वधू मार्टिनिक बेटावरच्या एका जमीनदार घराण्यातली, बत्तीस वर्षांची विधवा, दोन मुलांची आई. तिचे पहिले पती अलेक्सांद्र द बोआर्ने यांचा १७९४ मध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला होता आणि ती स्वतः तुरुंगातून थोडक्यात बचावली होती. वर सव्वीस वर्षांचा. विवाहाच्या दस्तऐवजात वधूने आपले वय चार वर्षांनी उतरवले, वराने आपले सुमारे दीड वर्षाने चढवले. आप्तेष्ट तिला ‘रोझ’ म्हणत. ‘जोसेफिन’ हे नाव नेपोलियनने दिलेले. विवाहानंतर दोनच दिवसांत तो इटलीच्या आघाडीवर रवाना झाला.

इटलीतून त्याने पाठविलेली पत्रे जगप्रसिद्ध आहेत. तोफांचा धूर विरतो न विरतो तोच हा सेनापती लेखणी हाती घेई, उत्कट आर्जवे करी, मग रुसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावयास बसे. उत्तरे मात्र तुटक येत, बहुधा येतच नसत. मे महिन्यात मिलान जिंकल्यावर त्याने तिला बोलावून घेतले. प्रकृतीची आणि गर्भारपणाची सबब सांगत ती जुलैपर्यंत पोहोचलीच नाही. आली तेव्हा प्रवासात तिच्यासोबत इपोलित शार्ल नावाचा एक देखणा, विनोदी हुसार अधिकारी होता. नोव्हेंबरात आर्कोलची लढाई जिंकून नेपोलियन धावतपळत मिलानला आला, तो वाडा रिकामा! जोसेफिन जिनोव्हाला निघून गेली होती.

या प्रकरणाला आणखी एक अंग होते आणि ते प्रेमकथांतून बहुधा वगळले जाते. शार्ल पुढे सैन्याला रसद पुरविणाऱ्या बोदँ कंपनीच्या व्यवहारात शिरला आणि त्या व्यवहारात जोसेफिनचाही हितसंबंध होता. पती रणांगणावर आणि पत्नी त्याच्याच फौजेच्या पुरवठ्यातून नफा कमावणाऱ्यांच्या पंक्तीला! मार्च १७९८ मध्ये दीर जोझेफ याने तिला याबाबत समोरासमोर जाब विचारला; तिने सारे साफ नाकारले. नेपोलियनने त्या वेळी तिच्यावर विश्वास ठेवला. की ठेवावासा वाटला म्हणून ठेवला?

१९ मे १७९८ रोजी तुलाँ बंदरातून फ्रेंच आरमार इजिप्तकडे निघाले. जुलैमध्ये, कैरोच्या वाटेवर, त्याच्या निकटच्या सहकाऱ्यांनी (बहुतेक वृत्तांत जुनो याचे नाव घेतात) शार्ल प्रकरण त्याच्यापुढे उघड केले. २१ जुलै रोजी पिरॅमिडची लढाई जिंकली आणि २५ तारखेला कैरोहून त्याने जोझेफला पत्र लिहिले. विजयाच्या चौथ्या दिवशी लिहिलेल्या त्या पत्रात विजयाचा उल्लेख ओझरताच आहे. डोळ्यांवरचा पडदा पूर्ण फाटला, कीर्ती निरस झाली, माणसांचा वीट आला, तेव्हा पॅरिसजवळ किंवा बर्गंडीत कुठेतरी एखादे घर पाहून ठेव, तेथे एकांतात राहीन, असा त्याचा आशय. त्याच सुमारास जोसेफिनचा सोळा वर्षांचा मुलगा युजेन, जो सावत्र वडिलांच्या तैनातीत होता, त्यानेही कळवळून आईला पत्र धाडले.

दोन्ही पत्रे भूमध्य समुद्रात इंग्रजांच्या हाती पडली. १ ऑगस्टला नेल्सनने नाईल नदीच्या मुखाजवळ फ्रेंच आरमाराची धूळधाण केली होती, त्यामुळे समुद्राची वाट इंग्रजांच्या मुठीत होती. पकडलेल्या फ्रेंच पत्रव्यवहाराचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जोझेफला लिहिलेले पत्रही त्यात होते. लंडनच्या वृत्तपत्रांतून आणि दिवाणखान्यांतून त्याची चर्चा रंगली. घरातल्या चार भिंतींत राहू शकणारे दुःख आता शत्रूचे दारूगोळ्याचे सामान झाले. पत्नीचे प्रेम दुसऱ्यावर आहे हे शल्य कदाचित त्याने गिळलेही असते. विजेता सेनापती साऱ्या युरोपात हास्यास्पद ठरणे हे त्याच्यासारख्या अहंकारी पुरुषाला अधिक झोंबले असणार.

(पत्रांच्या बाबतीत इजिप्तने त्याला यश दिले नाही हेच खरे. जानेवारी १७९९ मध्ये त्याने श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाला लिहिलेले पत्रही इंग्रजांनी मध्येच पकडले. मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला.)

दुखावलेल्या अभिमानाची भरपाई नेपोलियनने कैरोत उघडपणे केली. पोलिन फूरेस या एका लेफ्टनंटच्या पत्नीला त्याने जवळ केले आणि पतीला खलिते देऊन फ्रान्सकडे पाठविले. त्या बिचाऱ्याला इंग्रजांनी पकडले आणि परत इजिप्तच्या किनाऱ्यावर आणून सोडले! या सगळ्यात हाल झाले ते युजेनचे. सावत्र वडील त्या बाईंसह बग्गीतून फिरत तेव्हा त्याला दिमतीला घोड्यावरून जावे लागे. आईचा तो अपमान असह्य होऊन त्याने बदली मागितली, तेव्हा कुठे त्या फेऱ्या थांबल्या.

ऑगस्ट १७९९ मध्ये नेपोलियन निघाला तो युरोपातील फ्रेंच पराभवांची वृत्ते वाचून. ती वृत्तपत्रे त्याला मिळाली तीही इंग्रज नौदलाच्या सिडनी स्मिथकडून. ९ ऑक्टोबरला तो फ्रेज्युसजवळ उतरला. वार्ता पॅरिसला पोहोचताच जोसेफिन मुलगी ओर्तांसला घेऊन त्याला वाटेत गाठण्यासाठी धावली. सासरची माणसे आधी भेटली तर आपला खेळ आटोपला, हे ती जाणून होती. त्या काळच्या फ्रान्समध्ये १७९२ च्या कायद्याने घटस्फोट सोपा झाला होता. दुर्दैव असे, की ती बर्गंडीच्या रस्त्याने गेली आणि तो दुसऱ्या रस्त्याने आला. १६ ऑक्टोबरला त्याला पुन्हा एकदा घर रिकामे दिसले. मिलानची जखम नव्याने उघडी पडली.

ती परतली तेव्हा तो खोलीत दार लावून बसला होता. पुढचा प्रसंग समकालीनांच्या आठवणींतून कळतो, आणि आपल्याकडच्या बखरी जशा जपून वाचाव्या लागतात तशाच या आठवणीही. तिचे सामानसुमान आधीच दरवानाच्या खोलीत काढून ठेवले होते, ती दाराशी बसून रात्री उशिरापर्यंत रडत राहिली, शेवटी युजेन आणि ओर्तांस यांनी रदबदली केली आणि दार उघडले, एवढ्यावर त्यांचे बहुतेक एकमत आहे. घटस्फोटाची बोलणी पुढे नेण्यासाठी सकाळी आलेल्या लुसियन या धाकट्या भावाला पती-पत्नी एकत्र दिसली.

दार का उघडले? मुलांवर त्याचा जीव होता, यात शंका नाही. कैरोत ज्याच्यापुढे त्याला खजील व्हावे लागले तोच युजेन आता आईसाठी हात जोडत होता. पण हिशेबही होता. सत्ता हस्तगत करण्याच्या उंबरठ्यावर घरगुती कलह चव्हाट्यावर आणणे त्याला परवडणारे नव्हते आणि जोसेफिनच्या ओळखी राजधानीत सर्वदूर होत्या. तीन आठवड्यांत त्याचा प्रत्ययही आला. ९ नोव्हेंबरच्या सकाळी, सत्तांतराच्या दिवशी, डायरेक्टर गोइए याला बेसावध पकडण्यासाठी न्याहारीचे आमंत्रण गेले ते तिच्याच नावाने. सावध गोइएने स्वतः न येता पत्नीला पाठविले, ही गोष्ट वेगळी.

समेट टिकला, पण पारडे फिरले. पूर्वी तो आर्जवे करी आणि ती टाळाटाळ करी; आता शार्लशी संबंध संपवून ती एकनिष्ठ राहिली आणि नेपोलियनची प्रकरणे सुरू झाली. त्याच्या गैरहजेरीत तिने तीन लाख फ्रँकांहून अधिक किमतीला घेतलेल्या मालमेझाँ या वाड्याचे पैसे आणि तिची इतर कर्जे मात्र त्याने फेडली. २ डिसेंबर १८०४ रोजी त्याने स्वतःच्या हाताने तिच्या मस्तकावर मुकुट ठेवला. वारस झाला नाही म्हणून १५ डिसेंबर १८०९ रोजी त्यानेच विवाहविच्छेद घडवला. संमतीचे निवेदन वाचताना तिला हुंदका आवरेना. उरलेला मजकूर एका अधिकाऱ्याने वाचला.

सम्राज्ञी हा किताब आणि मालमेझाँ तिच्याकडेच राहिले. २९ मे १८१४ रोजी ती तेथेच वारली. नेपोलियन तेव्हा एल्बा बेटावर होता. वर्षभराने, वॉटर्लूच्या पराभवानंतर, फ्रान्समधील शेवटचे काही दिवस काढण्यासाठी त्याने तेच घर निवडले. त्याचे आतिथ्य ओर्तांसने केले.