न सापडलेल्या नाण्यांची मोजणी

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या टाकसाळीतून चांदीची किती नाणी बाहेर पडली असतील? टाकसाळीच्या हिशेबाच्या वह्या आज उपलब्ध नाहीत. बहुतेक नाणी पुढच्या काळात वितळवली गेली. आज संग्रहालयांत दिसतात ती त्यातली अगदी थोडी. पण मित्रांनो, एवढ्या थोड्या नाण्यांवरूनही मूळच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. तो कसा, आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे पाहू या.

ग्रीकांच्या चांदीच्या नाण्याला द्राख्मा म्हणत. हाच शब्द संस्कृतात ‘द्रम्म’ झाला आणि आपल्या बोलण्यातला ‘दाम’ त्याच कुळातला. अथेन्सचे मोठे नाणे चार द्राख्मांचे असे. त्याचे वजन सुमारे १७.२ ग्रॅम. एका बाजूस अथीना देवीचे मुख, दुसऱ्या बाजूस तिचे घुबड. लोक नाण्यालाच ‘घुबड’ म्हणत.

नाणी हाताने पाडली जात. देवीच्या मुखाचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. त्यावर चांदीची चकती ठेवायची, तिच्यावर घुबडाचा दुसरा ठसा धरायचा आणि वरून घण मारायचा, की नाणे तयार! घणाचा घाव वरच्या ठशावर थेट पडे, म्हणून तो लवकर फुटे. खालच्या ठशाला ऐरणीचा आधार असल्याने तो जास्त टिके.

महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरत असे. त्यामुळे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे नसत. देवीच्या केसांची बट, कानातले, शिरस्त्राणावरची पाने यांत कोठे ना कोठे फरक राहतोच. म्हणून दोन नाणी शेजारी ठेवून भिंगातून पाहिली, तर ती एकाच ठशाची आहेत की नाहीत, हे जाणकाराला सांगता येते. ठशाला तडा गेला असेल, तर तो तडाही नाण्यावर उमटतो. तडा जितका मोठा, तितके ते नाणे नंतरचे.

आता गणिताकडे वळू. समजा, १०० नाणी तपासली आणि त्यांत खालचे ४३ वेगवेगळे ठसे आढळले. मग टाकसाळीत एकंदर ठसे ४३च होते का? तसे म्हणता येणार नाही, कारण काही ठशांचे एकही नाणे आपल्या हाती आले नसेल. ते किती असतील, याचा सुगावा एकेकदाच भेटलेले ठसे देतात. प्रत्येक ठसा अनेकदा भेटत असेल, तर नवे फारसे उरलेले नाहीत. पुष्कळसे ठसे एकदाच भेटले असतील, तर न पाहिलेले अजून बरेच असणार.

ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेश उलगडणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांना सुचली आणि त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी ती १९५३ साली प्रसिद्ध केली. समजा, १०० नाण्यांत १४ ठसे एकदाच भेटले. मग पुढचे नाणे अगदी नव्या ठशाचे निघण्याची संभाव्यता सुमारे १०० पैकी १४. म्हणजेच आपल्याला माहीत झालेल्या ठशांनी टाकसाळीतल्या ८६ टक्के नाण्यांचा वाटा उचललेला आहे. सगळे ठसे सारखेच वापरले गेले असे धरले, तर ४३ भागिले ०.८६, म्हणजे एकूण ठसे ५०.

खरे वाटत नसेल, तर वर्गात करून पाहा. एका डब्यात १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. डबा हलवा, एक चिठ्ठी काढा, आकडा लिहून घ्या आणि चिठ्ठी परत टाका. (एका ठशाची हजारो नाणी निघत. त्यांतले एक उचलल्याने काही बिघडत नाही, म्हणून चिठ्ठी परत टाकायची.) असे १०० वेळा करा. सरासरीने सुमारे ४३ वेगवेगळे आकडे येतील आणि १३-१४ आकडे एकदाच येतील. दहा जणांनी प्रयोग केला तर कोणाचे उत्तर ४५ येईल, कोणाचे ५६. ही चूक नव्हे. नमुन्यावरून काढलेल्या उत्तराला अशी सैलता असतेच.

डबा नीट हलवणे मात्र आवश्यक आहे. टाकसाळीतून नुकतीच आलेली नाणी कोणी एका हंड्यात पुरून ठेवली असतील, तर त्या हंड्यात एकाच ठशाची नाणी जास्त सापडतात. म्हणून नमुना ठिकठिकाणच्या नाण्यांचा असावा लागतो.

ठसे ५० ठरले. पण एका ठशातून नाणी किती निघत? येथे अडचण येते. डेल्फीच्या मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या संघाने इ.स.पू. ३३६च्या सुमारास जुनी चांदी वितळवून स्वतःची नाणी पाडली. या चांदीचा हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे. त्या नाण्यांचे ठसे मोजून १९८३ साली किन्स यांनी हिशेब मांडला. खालच्या एका ठशामागे सुमारे २३ ते ४७ हजार नाणी, असे उत्तर आले. बरेच अभ्यासक सरासरी २० हजार धरतात.

तेवढे धरले, तर आपल्या ५० ठशांची १० लाख नाणी होतात. म्हणजे १७ टनांहून जास्त चांदी, किंवा ४० लाख द्राख्मा. युद्धनौकेवर सुमारे २०० माणसे असत. माणशी रोज एक द्राख्मा धरला, तर एका नौकेचा महिन्याचा खर्च ६ हजार द्राख्मा. आपल्या नाण्यांत सुमारे ५५ नौका वर्षभर पोसता येतील. पण ठशामागे १० हजारच नाणी धरली, तर नौका २७-२८ होतात, आणि ४० हजार धरली, तर ११०! एका आकड्यावर नगराचे बळ चौपट कमी-जास्त होते.

म्हणूनच नाणकशास्त्रज्ञ बट्री यांनी १९९३ साली या गुणाकारावर कडक आक्षेप घेतला. एखादा ठसा पहिल्याच दिवशी फुटतो, एखादा महिनोन्‌महिने चालतो, तर एखादा धड असतानाच काम थांबते. मग डेल्फीची सरासरी दुसऱ्या टाकसाळीला कशी लावायची? त्यावर अनेक वर्षे वाद झाला. त्यातून घ्यायचा धडा आपल्या प्रयोगशाळेतलाच आहे. ठशांची संख्या आपण मोजणीवरून काढली, ती बरीच भरवशाची. ठशामागची नाणी मात्र दुसरीकडून उसनी घेतलेली. गुणाकार कितीही अचूक केला, तरी उत्तर त्यातल्या सर्वांत कच्च्या आकड्याहून पक्के होत नाही. दोन टाकसाळींची तुलना करायची असेल, तर नुसत्या ठशांची तुलना करणे अधिक सुरक्षित.

जाता जाता एक प्रश्न. डब्यात काही आकड्यांच्या पाच-पाच चिठ्ठ्या टाकल्या आणि बाकीच्यांची एकेकच ठेवली, तर याच रीतीने काढलेले उत्तर खऱ्यापेक्षा कमी येईल की जास्त? आधी विचार करा, आणि मग डबा हलवा.