पत्ता आपल्या नावावर हवा
स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दादरला माझ्या मामांचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं छापून देतात. त्यांच्या कार्डावर बरीच वर्षं इंटरनेट कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला मेलपत्ता होता. कनेक्शन बदललं आणि काही आठवड्यांत तो पत्ता बंद पडला. कागदवाल्याची बिलं, बँकेच्या सूचना, जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी सगळं त्याच पत्त्यावर येत होतं. मामा म्हणाले, "अरे, कंपनी बदलली तरी मोबाइलचा नंबर तोच राहतो. मग मेलचा पत्ता का राहत नाही?"

राहू शकतो. त्यासाठी पत्त्यातल्या ॲट चिन्हापुढचं नाव, म्हणजे डोमेन, आपलं हवं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हापासून कित्येक घरांत कनेक्शन आणि मेलपत्ता जोडीनेच आले, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं वाटणं स्वाभाविक आहे. मामांचं नवं डोमेन लावून देताना असे बरेच समज समोर आले. त्यातले नेहमीचे इथे घेतो.

गैरसमज : मेल इंटरनेट कंपनीकडून घेतली की पत्ता त्यांचाच.
वस्तुस्थिती : इथे तीन वेगळी कामं आहेत. डोमेनची नोंदणी रजिस्ट्रार करतो. त्या डोमेनची माहिती डीएनएस या जागतिक नोंदवहीत राहते. मेलपेटी सांभाळणारा तिसरा असतो, आणि तो तुमचा इंटरनेट पुरवठादारही असू शकतो. डीएनएसमधली ‘एमएक्स’ ही नोंद जगाला सांगते, "या नावाची टपाल अमुक सर्व्हरवर टाका." मामांच्या डोमेनला आम्ही अशा दोन ओळी लिहिल्या. एका सर्व्हरपुढे १० आकडा, दुसऱ्यापुढे २०. लहान आकड्याला पहिला मान; तो सर्व्हर बंद असेल तर टपाल २० वाल्याकडे जाते. उद्या पुरवठादार बदलला तर या ओळी बदलायच्या. कार्डावरचा पत्ता तसाच राहतो.

गैरसमज : डोमेन एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं.
वस्तुस्थिती : डोमेन विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी होते, पुढे नूतनीकरण. डॉट-इन नावांचा कारभार ‘निक्सी’ ही भारतीय संस्था पाहते. डॉट-कॉमसारख्या नावाची मुदत टळली तर आधी थोडी सवलत मिळते. नाव वगळलं गेलं तर जादा पैसे भरून सोडवायला ३० दिवस असतात. तेही गेले की ते नाव कुणीही घेऊ शकतो, आणि मग तुमच्या पत्त्यावर येणारी टपाल त्याच्या हाती पडते. पासवर्ड बदलण्याची लिंकसुद्धा त्यातच येते.

याहून जास्त फसगत नोंदणी कुणाच्या नावावर आहे यात होते. वेबसाइट करून देणारा ओळखीतला मुलगा डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो, पैसे आपण देतो आणि कागदोपत्री नाव त्याचं लागतं. पुढे तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला की खात्याची किल्ली त्याच्यासोबत जाते. नोंदणी आपल्या नावावर, खातं आपल्या ताब्यात आणि त्या खात्याचा संपर्क-ईमेल वेगळ्या डोमेनवरचा असला पाहिजे. त्याच डोमेनवरचा पत्ता दिला आणि डोमेन अडकलं, तर सुटकेची मेलही तिथेच अडकते.

गैरसमज : मेल हलवली की वेबसाइट बंद पडते.
वस्तुस्थिती : वेबसाइटची नोंद वेगळी, टपालाची वेगळी. वेबसाइट नसतानाही मेल छान चालते. वेबसाइट बंद पडते ती दुसऱ्याच चुकीने. फक्त एमएक्स बदलायचं सोडून काही जण पूर्ण नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदींची अख्खी वहीच बदलतात. तसं करताना जुन्या वहीतल्या सगळ्या ओळी नव्या वहीत उतरवून घेतल्या नाहीत तर त्या गळतात. म्हणून हात लावण्याआधी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

गैरसमज : घरी ब्रॉडबँड आहे, मेलचा सर्व्हरही घरीच ठेवू.
वस्तुस्थिती : सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट म्हणजे पोर्ट २५. स्पॅम रोखण्यासाठी अनेक पुरवठादार घरगुती जोडण्यांवर ती बंद ठेवतात. घरचा आयपी पत्ता बरेचदा बदलता असतो, काही ठिकाणी अनेक ग्राहकांत मिळून एकच. शिवाय आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद पुरवठादाराच्याच हातात असते, आणि ती नसेल तर मोठ्या मेलसेवा तुमची टपाल नाकारू शकतात. सर्व्हरचं काम पुरवठादारावर सोपवावं. आपल्या फोनवरून मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५, वाचायला आयमॅप या मेल उतरवण्याच्या पद्धतीचा ९९३ एवढे पोर्ट पुरतात.

गैरसमज : मेल यायला लागली म्हणजे काम झालं.
वस्तुस्थिती : एमएक्स फक्त येणारी टपाल सांभाळतं. जाणाऱ्या टपालासाठी तीन नोंदी लागतात. ‘एसपीएफ’ सांगतं, माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे. ‘डीकेआयएम’ प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. ‘डीमार्क’ सांगतं, तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले आहेत.

मामांच्या मेल सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होत्या. पाहिलं तर एसपीएफच्या दोन ओळी, एक जुन्या पुरवठादाराची आणि एक नव्याची. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन असतील तर तपासणीच फसते. दोन्ही मिळून एक ओळ केली आणि तक्रार थांबली.

गैरसमज : पुरवठादार बदलताना दोन दिवसांची मेल हरवते.
वस्तुस्थिती : प्रत्येक नोंदीला ‘टीटीएल’ असतो, म्हणजे जुनी माहिती इतरांनी किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा. ३६०० म्हणजे एक तास. बदलाच्या आदल्या दिवशी तो ३०० वर आणला की अडचणीचा काळ मिनिटांवर येतो. तुमचा सर्व्हर थोडा वेळ बंद असला तरी पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो; मानकानुसार हा प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालायला हवा. हरवते ती जुनी मेल. एमएक्स बदलल्याने ती आपोआप येत नाही, म्हणून जुनी पेटी बंद करण्याआधी आयमॅपने ती उतरवून घ्या आणि नवी सुरू झाल्यावरही जुनी दोन-तीन आठवडे चालू ठेवा.

मामांच्या नव्या कार्डावर आता त्यांच्या दुकानाच्या नावाचा पत्ता आहे. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड मामींच्या वहीत लिहिलेला आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नूतनीकरणाच्या तारखेला लाल गोल. इंटरनेट कंपनी पुन्हा बदलायची वेळ आली, तर कार्डं नव्याने छापावी लागणार नाहीत.