'गिन' म्हणजे जाणे नव्हे

लक्झेंबर्गिश भाषेत 'एश गिन हेम' म्हणजे मी घरी जातो. 'एश गिन हिम झुएन' म्हणजे मी त्याला पैसे देतो. आणि 'एश गिन आल' म्हणजे मी म्हातारा होत चाललोय. तिन्हीकडे 'गिन' ऐकून नवख्याला वाटते, क्रियापद एकच आणि त्याचा मूळ अर्थ 'जाणे'. मराठी माणसाला तर हे लगेच पटेल. 'घर बांधले जाते' म्हणताना आपणही 'जाणे'च वापरतो.

प्रत्यक्षात ही दोन क्रियापदे आहेत. जाणे म्हणजे 'गोएन', देणे म्हणजे 'गिन'. 'मी' आणि 'आम्ही'सारख्या काही रूपांत ती एकसारखी दिसतात, एवढेच. 'तो जातो'ला 'गेट' आणि 'तो देतो'ला 'गट' म्हटले की फरक उघडा पडतो. म्हातारे होणारे 'गिन' हे देण्याचे, म्हणजे जर्मन 'गेबेन'च्या नात्यातले.

देण्यातून होणे कसे निघाले? झाड फळ देते, म्हणजे त्यातून काहीतरी निपजते. या निपजण्यावरून अर्थ 'होणे'कडे सरकला आणि तिथून कर्मणी प्रयोगात शिरला. 'एत गट काल' म्हणजे थंडी पडू लागली, 'द'हाउस गट गबाउट' म्हणजे घर बांधले जात आहे. गोंधळ होऊ नये याची सोयही भाषेने केली आहे: 'दिले' म्हणताना 'असणे' अर्थाचे नव्हे तर 'जवळ असणे' अर्थाचे सहायक क्रियापद येते; 'झाले' म्हणताना मात्र 'असणे'च. 'सी आस क्रांक गिन', ती आजारी पडली.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. जर्मन लोक इथे 'वेर्डेन' वापरतात, म्हणून लक्झेंबर्गिश ही बिघडलेली जर्मन, असे बिनधास्त सांगितले जाते. मला हा निव्वळ प्रमाणभाषेचा तोरा वाटतो. लक्झेंबर्गिश मोझेल-फ्रँकोनियन बोलींपैकी आहे आणि सीमेपलीकडे जर्मनीतल्या सारलँडच्या बोलींतही देण्याचे क्रियापद हेच काम करते. 1984 च्या कायद्याने ती राष्ट्रभाषा झाली, पण हा प्रयोग कायद्याच्या कितीतरी आधीचा.

'जाणे'वाल्यांना एका ठिकाणी मात्र थोडे मार्क द्यावे लागतील. 'मी आलो असतो' अशा संकेतार्थी वाक्यांत देण्यावरून आलेले 'गेइफ' चालते, तसे जाण्यावरून आलेले 'गेइंग'ही चालते.