रविवार संध्याकाळचं काय करायचं?

महिन्याची २२ तारीख, खात्यात ४१० रुपये आणि मेस बंद. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही ही रविवार संध्याकाळ समजावून सांगावी लागत नाही. दुपारी मेसमध्ये फीस्ट झालेली असते, गुलाबजाम दोनाऐवजी तीन हाणलेले असतात, आता रात्री काही लागणार नाही असं आपण सगळ्यांना सांगितलेलं असतं. साडेआठला पोटात कावळे ओरडायला लागतात. मग रूममधलं कुणीतरी मोबाईल हातात घेतं आणि विचारतं, 'काय मागवायचं?'

मी करमाळ्याहून पुण्यात आले तेव्हा १८ वर्षांची होते. आता २२ पूर्ण आहेत आणि या काळात पैसे वाचवायचे बहुतेक सगळे चुकीचे प्रकार माझे करून झालेत. त्यामुळे 'कॉफी सोडा, श्रीमंत व्हा' छापाचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. आपल्यातले कितीजण दोन-अडीचशेची कॉफी पितात? टपरीवरचा चहा सोडून कुणाचं घर झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

माझी सगळ्यात महागात पडलेली बचत आधी सांगते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, सगळ्यात सोपं काय, तर एक वेळचं जेवण बंद करायचं. सकाळचा नाश्ता आधीच सुटला होता, मग मेस एकवेळची केली. रात्री बिस्कीटचा पुडा आणि पाणी. महिन्याला १४०० रुपये वाचत होते, स्वतःवर जाम खूश होते मी. आईचा फोन आला की ती विचारायची, 'पैसे पुरतात ना गं?' मी म्हणायचे, 'उरतात उलट.' फेब्रुवारीत एका दुपारी डेक्कनच्या बसस्टॉपवर उभी असताना डोळ्यांसमोर अंधारी आली. एका मावशींनी धरून बसवलं, पिशवीतलं केळं दिलं. डॉक्टरांची फी, रक्ततपासणी आणि तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या मिळून २६०० रुपये झाले. म्हणजे जवळपास दोन महिन्यांची बचत एका दुपारी गेली, आणि हिमोग्लोबिन ८.४ निघालं ते वेगळंच. आईला हे अजून माहीत नाही. (आई, वाचत असशील तर आता ठणठणीत आहे.)

तेव्हा माझ्या रूम पार्टनरने, ती कॉमर्सची, एक दोनशे पानी वही माझ्यासमोर टाकली. म्हणाली, महिनाभर फक्त लिही. काही कमी करू नकोस, काही सोडू नकोस. जे जाईल ते त्याच रात्री लिहून ठेव. अ‍ॅपमध्ये नाही, हाताने. यूपीआयने दिलेले पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत, स्कॅन केलं की झालं. पण रात्री वहीत 'ऑटो ९०' असं लिहिताना त्या ऑटोची खरंच गरज होती का, हे आठवतं. तुम्हीही एक महिना करून बघा. वहीवर खर्च ४० रुपये.

माझ्या वहीत काय निघालं? चहाचे महिन्याचे ३६०. त्यावरून मी स्वतःला किती बोल लावले होते! आणि चार रविवारच्या रात्रींचे माझ्या वाट्याचे ११४०. बाकी सगळा महिना मेस ३२०० रुपयांत दोन वेळ जेवू घालत होती आणि फक्त चार जेवणांना ११४० लागत होते. पदार्थ फार महाग नव्हते. त्यावर डिलिव्हरी, पॅकिंग, कर, आणि 'ऑर्डर अमुक रुपयांची झाली तर सवलत' म्हणून घेतलेला, कुणालाच नको असलेला एक पनीर रोल.

मेसचं गणितही तेव्हाच पहिल्यांदा नीट मांडलं. दोन वेळची मेस ३२००. रविवारच्या चार रात्री वजा केल्या तर ५६ जेवणं, म्हणजे एक जेवण ५७ रुपयांना. आमच्या गल्लीत सुटी थाळी ८० ला मिळते. पण मी कॉलेजातून उशिरा येणं, कंटाळा, मैत्रिणीचा वाढदिवस असं करत महिन्याला १६ जेवणं बुडवत होते. मग उरली ४०, आणि जेवण पडलं बरोबर ८० ला. म्हणजे मेस लावून फायदा शून्य. तुमच्या मेसचा दर वेगळा असेल, पण भागाकार करून बघाच. आणि मेस लावतानाच खाड्यांचा नियम विचारून घ्या. आमच्याकडे सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरतात. दिवाळीला घरी जाताना मेसच्या काकूंना न सांगता पळालेली मी, आठ दिवसांचे पैसे न जेवता भरून बसले. चूक माझीच होती, त्यामुळे काकूंशी भांडताही आलं नाही.

आता रविवारचं. आमच्या मालकीणबाई रूमवर शेगडी चालू देत नाहीत, इंडक्शनही नाही. पण कर्वेनगरला आमच्यापैकी चौघींनी फ्लॅट घेतलाय, त्यांच्याकडे गॅस आहे. गेलं वर्षभर रविवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमतो. दहा-अकरा जणी, प्रत्येकी ३५ रुपये. पिठलं-भात, कांदा, ताक. कधी चुरमुरे-फरसाणाची भेळ. भाजी लागली तर मंडईतून. ही महात्मा फुले मंडई १८८६ सालची, आणि तिथली खरी वेळ संध्याकाळची. भाजीवाल्या मावश्यांना घरी जायची घाई असते, उरलेल्या मालाचे वाटे लावलेले असतात. सकाळी पावशेराला मागतात तेवढ्यात संध्याकाळी चांगला मोठा वाटा येतो. थोडं निवडून घ्यावं लागतं, पण अकरा जणी असल्यावर निवडणं म्हणजे गप्पाच. महिन्याचा रविवारचा खर्च ११४० वरून १४० वर आला.

कर्वेनगरला जायचं तर बस. प्रवासात लोक सरसकट 'पास काढा' असं सांगतात. आधी हिशेब करा. पीएमपीचे दर १ जून २०२५ पासून वाढले: पाच किलोमीटरपर्यंत १०, त्यापुढे दहापर्यंत २०. दैनंदिन पास ४० वरून ७० झाला, साधा मासिक पास ९०० वरून १५००. विद्यार्थ्यांचा मासिक पास मात्र ७५० लाच राहिला. माझं कॉलेज सात-आठ किलोमीटरवर. रोजचे ४० धरले तर २४ दिवसांचे ९६०, म्हणजे मला पास परवडतो. माझ्या पार्टनरचं कॉलेज तीन किलोमीटरवर. तिला तिकिटं काढून ४८० लागतात, तरी ती दोन महिने ७५० चा पास काढत होती. कॉमर्सची असून! मेट्रोने जात असाल तर शनिवार-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के सवलत असते हे लक्षात ठेवा. आणि मुलींनो, गावी जाताना एसटीच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तरी खासगी गाडीला पूर्ण पैसे मोजणाऱ्या कितीतरी जणी मला दर शुक्रवारी दिसतात.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच. जुनं घ्या, पेनने रेघा मारू नका, परीक्षा झाली की तिथेच परत विका. मी पेन्सिल वापरते.

काटकसर करून शिकणं पुण्याला नवीन नाही. आजोबांच्या पिढीकडून तुम्ही 'वार लावून जेवणे' ऐकलं असेल: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेलेही पुष्कळ. हे सांगताना एक गोष्ट मात्र बऱ्याचदा राहून जाते, की ती दारं प्रामुख्याने एकाच जातीतल्या मुलांसाठी उघडत होती. बाकीच्यांसाठी वेगळ्या वाटा काढाव्या लागल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलांना कष्ट करून शिकायला लावलं. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही गावाकडच्या मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते. आपल्या विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत कॉलेजमध्येच काही तास काम करून पैसे मिळतात. माझ्या वर्गातल्या दोघांनी लायब्ररीत काम करून मेसचा खर्च भागवला.

हे सगळं माहीत नसल्यामुळे आपण बिस्कीटच्या पुड्यावर रात्र काढतो, म्हणून सांगतेय. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. कॉलेजच्या ऑफिसात एकदा जाऊन विचारा. खिडकीवर उभं राहायला लाज वाटते, मलाही वाटली होती. चहाचे ३६० रुपये वाचवायला मी जेवढं डोकं लावलं, तेवढं तिथे एक तास उभं राहण्यात लावलं असतं तर पहिलं वर्ष बरं गेलं असतं.

हा लेख लिहिताना आईचा फोन आला होता. 'रविवार आहे, मेस बंद असेल, काय जेवणार?' मी म्हटलं, पिठलं. 'कुणी करणार?' आज माझी पाळी आहे, असं सांगितल्यावर ती दोन मिनिटं हसत होती. मग म्हणाली, बेसन आधी पाण्यात कालवून घे, नाहीतर गुठळ्या होतील. तेवढ्यात कर्वेनगरच्या ग्रुपवर मेसेज पडला: येताना कोथिंबीर आण, आणि सातच्या आत ये, मागच्या वेळसारखा उशीर नको.