अनुकृत खेळ आणि आर्केडची चित्रनळी

नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या चित्रखेळांची मूळ यंत्रे दिवसेंदिवस निकामी होत असून, ते खेळ आता मुख्यतः संगणकावरील अनुकारक आज्ञावलींच्या, म्हणजेच एम्युलेटरांच्या, आधारे टिकून आहेत. १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी प्रसृत केलेली ‘मेम’ ही त्यांतील प्रमुख होय. खेळाचे आंतरिक व्यवहार ती पुष्कळ निष्ठेने जतन करते. परंतु तिचे चित्र आर्केडच्या चित्रनळीवर आणावयाचे म्हटल्यास अडचण पडते ती आकाराची नव्हे, तर कालाची.

चित्रनळीत इलेक्ट्रॉनांची शलाका एकाखाली एक रेषा ओढीत जाते. आर्केडच्या बहुतेक नळ्या सेकंदाला सुमारे १५,७०० रेषांसाठी बांधलेल्या असतात. १९८७ मधील व्हीजीए पद्धतीचा संकेत मात्र ३१,४६९ रेषांचा, म्हणजे दुप्पट वेगाचा आहे. तो तसाच जोडल्यास चित्र फाटते. इतकेच नव्हे, तर आडव्या विक्षेपाचा ट्रान्झिस्टर जळण्याचाही संभव असतो.

शिवाय प्रत्येक खेळाचा काल निराळा. नाम्को कंपनीच्या ‘पॅक-मॅन’ (१९८०) या खेळात बिंदूंचा स्पंदक ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा असून एका रेषेस ३८४ स्पंद लागतात; म्हणून सेकंदास १६,००० रेषा. २६४ रेषांचे एक चित्र धरता सेकंदास ६०.६०६ चित्रे होतात. यांपैकी दृश्य भाग २८८ बिंदू व २२४ रेषा एवढाच; उरलेला काल शलाकेच्या परतीचा. (नळी आडवी करून बसविलेली असल्याने खेळणाऱ्यास चित्र उभे दिसते.) याउलट आयरेम कंपनीच्या ‘आर-टाइप’ (१९८७) या खेळाची चित्रे सेकंदास सुमारे ५५. ती ६० च्या पडद्यावर दाखविताना एक तर काही चित्रे पुन्हा दाखवावी लागून हालचालीला हिसके बसतात, नाही तर सारा खेळच नऊ टक्क्यांनी वेगाने धावतो. नेमक्या क्षणी कळ दाबणाऱ्या खेळाडूस हा भेद हातालाच जाणवतो.

म्हणून ‘ग्रूव्हीमेम’ ही मेमची सुधारित आवृत्ती प्रत्येक खेळासाठी नवे कालमापन गणिताने काढते. अनेक चित्रपत्रांना फार मंद स्पंदक चालत नाही. तेथे रेषांची संख्या न बदलता रुंदी २५६० बिंदूंपर्यंत वाढविण्याची युक्ती योजतात. अॅनलॉग निर्गमाची सोय नव्या चित्रपत्रांत उरलेली नसल्याने जुनी रेडिऑन पत्रे अद्याप मागणीत आहेत. व्हीजीएचा रंगसंकेत ०.७ व्होल्टचा असतो. काही आर्केड नळ्यांना तो अपुरा पडून वर्धक लागतो.

वसई तालुक्यातील आचोळे येथे ही जुळणी करणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न येतो. घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा, तर अमेरिकी व जपानी नळ्या बहुधा १०० ते १२० व्होल्टच्या. त्यामुळे दाब उतरविणारा व पुरवठ्यापासून विलग ठेवणारा रोहित्र अनिवार्य ठरतो. जवळचा पर्याय जुन्या दूरचित्रवाणी संचाचा. मुंबई केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते ६२५ रेषांच्या २५ चित्रांचे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषांचे असल्याने असा संच आर्केडच्या वेगाच्या अगदी निकट येतो. मात्र त्याचा उभा विक्षेप ५० च्या ठेक्यावर बांधलेला असतो; तो ६० वर स्थिर न झाल्यास चित्र वरखाली घरंगळते व जुळवणीची कळ फिरवावी लागते. अशा अनेक संचांचा सांगाडा वीजपुरवठ्याशी थेट जोडलेला असल्याने संगणकाची तार सरळ आत नेणे धोक्याचे असते. येथेही विलगकारी रोहित्र आधी बसवावा लागतो.