उन्हापावसातली शिल्पे

महाबलिपुरम् येथील गंगावतरणाविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की, दोन महाशिळांमधील नैसर्गिक भेगेलाच पल्लव शिल्पकारांनी प्रवाहाचा मार्ग मानून तीत नाग कोरले, एवढे स्मरण देऊन मी पुढे जातो. युरोपातील शिल्पोद्यानांची वर्णने विलायत पाहून आलेल्या मंडळींनी मुबलक केली आहेत. राखलेल्या हिरवळीवर अंतराअंतराने ब्राँझ मांडून ठेवणे ही मला तरी दिवाणखान्याचीच सजावट वाटते.

माझा पक्षपात जुना आहे, आणि तो शांतिनिकेतनातील रामकिंकर बैज यांच्याकडे. १९३५ साली निलगिरीच्या झाडांत त्यांनी कृश, उंच अशी ‘सुजाता’ उभी केली, ती दुरून त्या खोडांतलीच एक भासावी अशी. पुढे १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ घडविताना, ब्राँझचा खर्च आवाक्याबाहेरचा असल्याने, त्यांनी बीरभूमच्या तांबड्या मातीतले जांभ्याचे खडे सिमेंटमध्ये कालवून तो गिलावा सांगाड्यावर चढविला. आणि खांद्यावरच्या कावडीत मूल घेऊन निघालेला बाप, डोक्यावर बिऱ्हाड घेतलेली आई व सोबतीचे कुत्रे, ही सारी मंडळी ज्या भूमीवरून चालली त्याच भूमीची झाली. त्या खरखरीत अंगावर सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हा प्रत्येक खडा आपली सावली टाकतो, माध्यान्ही तोच पृष्ठभाग सपाट होतो, आणि पावसात त्याचा तांबूस रंग गडद होतो. म्हणजे एका शिल्पाची दिवसाकाठी अनेक शिल्पे होतात, आणि त्यांपैकी एकही संग्रहालयाच्या दिव्याखाली पाहावयास मिळणार नाही. १९५६ च्या ‘कलेर बाँशी’त तर गिरणीच्या भोंग्यासरशी धावणाऱ्या दोघींची ओली वस्त्रे वाऱ्यावर फडकतात, तेथे वाराच शिल्पाचा विषय झाला आहे.

या कामास एका विद्वान समीक्षकांनी भर सभेत ‘गवंडीकाम’ ठरविले होते. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ साली ब्राँझमध्ये सिद्ध करणाऱ्या करमरकरांना अलिबागजवळच्या सासवण्यात सिमेंटची म्हैस घडविताना कमीपणा वाटला नाही, हे मी निदर्शनास आणिले, तेव्हा त्यांनी सासवणे पाहिले नसल्याचे सांगितले. चर्चा तेथेच संपली, मत मात्र कायम राहिले.

आता तर पुतळ्याची मंजुरी फुटांच्या हिशेबाने मिळते. चौथरा पुतळ्यावर कुरघोडी करतो, फायबरला ताम्रवर्ण फासला जातो, आणि दर्शनास आड येतात म्हणून अगोदर झाडे तोडली जातात. मूर्तिकारास जागा दाखविण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि त्यालाही ती पाहावीशी वाटत नाही, हे अधिक वाईट.

‘संथाळ कुटुंबा’वरही छप्पर आले आहे. सिमेंट झिजते, आतले लोखंड गंजते, हे मला मान्य आहे; परंतु जतनाच्या दृष्टीने छप्पर हवेच असेल तर मूळ शिल्प त्याखाली राहू द्यावे आणि त्याच मातीची एक प्रतिकृती उघड्यावर भिजू द्यावी, ही माझी तजवीज विक्षिप्तपणात जमा झाली आहे. ती मी येथे पुन्हा मांडीत आहे.