मज्जातंतूंची वेदना आणि भांग

धार व देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांच्या परिसरात भांग ही अपरिचित वस्तू नाही. देवासजवळच्या उज्जैनला महाकालेश्वराचा शृंगार भांगेने होतो आणि मध्यप्रदेशात परवानाधारक दुकानांतून ती विकलीही जाते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. मात्र फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या. त्यामुळे मधुमेहाने ज्याचे तळपाय रात्रभर जळतात अशा रुग्णास ‘थोडी भांग घेऊन पाहा’ असा सल्ला मिळणे सहज शक्य आहे. तो कितपत शास्त्रीय आहे?

मज्जातंतूंची वेदना जखमेच्या वेदनेहून भिन्न असते. येथे संदेश वाहणारा तंतूच बिघडलेला असतो. म्हणून जखम नसतानाही आग होते, मुंग्या येतात आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

भांगेच्या वेदनाशामक गुणाची नोंद जुनी आहे. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी स्थानिक जाणकारांकडून माहिती घेऊन संधिवात व धनुर्वाताच्या रुग्णांवर तिचा अर्क वापरला. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी व मेशुलाम यांनी टीएचसी या मुख्य घटकाची रचना निश्चित केली. पुढे १९९२ मध्ये शरीरातच तयार होणारे तत्सम द्रव्य सापडले. त्यास संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून आनंदामाइड हे नाव मिळाले. मेंदू व मज्जारज्जूतील ज्या ग्राहकांवर हे द्रव्य कार्य करते, त्यांवरच टीएचसीही कार्य करते आणि वेदनेचा संदेश पुढे जाण्यास अडथळा आणते. नशाही याच मार्गाने येते, ही खरी अडचण होय.

प्रत्यक्ष लाभ मात्र बेताचाच आढळतो. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत १६ अभ्यासांतील १,७५० रुग्णांचा विचार झाला. वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झालेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत २१ टक्के, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत १७ टक्के होते. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे अनुक्रमे १० व ५ टक्के होते.

शिवाय हे अभ्यास मोजक्या मात्रेच्या औषधांचे होते, घोटलेल्या पानांचे नव्हेत. भांगेच्या गोळीत टीएचसी किती, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. पोटात गेल्यावर तिचा परिणाम दिसण्यास तास-दोन तास लागतात. ‘काही झाले नाही’ म्हणून रुग्ण दुसरी गोळी घेतो आणि मग भोवळ येऊन पडतो. वृद्धांत ही बाब किरकोळ नाही. नशा न आणणारा सीबीडी हा घटकही वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवतो.

तळपायांच्या जळजळीवर आज ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगॅबालिन ही औषधे प्रथम दिली जातात व त्यांसोबत साखरेचे नियंत्रण आवश्यक असते. जो रुग्ण आधीच भांग घेत असेल, त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. कारण यांपैकी काही औषधांनी येणारी गुंगी भांगेने वाढते.